कॅमेरा कुणी धरलाय? पावनखिंडीच्या एका देखाव्याचं प्रकरण

पहिला कट तालमीत दाखवला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ, सगळा एआयवर केलेला. ढगांतून खाली येणारा कॅमेरा, पन्हाळ्याच्या तटावरून घसरत जाणारा, पालखीभोवती गरगर फिरून पुन्हा आभाळात उडणारा. अध्यक्ष म्हणाले, "भावा, नाद खुळा!" कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेले मामा मात्र गप्प होते. चहा झाल्यावर कप बाजूला ठेवत म्हणाले, "चांगलं झालंय. पण ह्यो कॅमेरा धरलाय कुणी? कबुतरानं?"

सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन कट पुन्हा बघितला आणि मग काही हसायला आलं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमच्या पेठेतल्या तालीम मंडळाने गणपतीला पावनखिंडीचा देखावा करायचं ठरवलं होतं. दरवर्षी पुतळे आणि प्रकाशयोजना असते. यंदा पुतळ्यांमागे बारा फूट रुंदीची एलईडी वॉल लावून तिच्यावर व्हिडिओ चालवायचा, अशी टूम निघाली. मी लग्नाचं आणि जाहिरातींचं एडिटिंग करतो, गेली दोन वर्षं एआय व्हिडिओची टूल्सही हाताळतोय, म्हणून काम माझ्याकडे आलं. हातात पाच आठवडे होते आणि पैसे जेमतेम टूलची वर्गणी भागेल एवढे. मंडळाची अट एकच, ती मला मनापासून पटली: महाराजांचा चेहरा एआयला काढू द्यायचा नाही. पालखीचा पडदा बंद राहील.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत, अख्ख्या गल्लीचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कोल्हापूरच्या स्टुडिओंत ट्रॉलीवर, म्हणजे रुळांवरून कॅमेरा नेणाऱ्या गाडीवर काढली. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला आणि ज्या गावाने खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभारला, त्या गावात कॅमेऱ्यावर बोलायचा हक्क कुणालाही आहे. ट्रॉलीवाल्याला जरा जास्तच.

पहिल्या कटमध्ये ३४ शॉट होते. कागद घेऊन मोजले, तर कॅमेरा जागचा हलत नव्हता असे फक्त तीन निघाले. बाकी ३१ शॉटांत तो तरंगत होता. वेग सगळीकडे तोच, लोणी लावल्यासारखा गुळगुळीत. कोणताही शॉट कोणत्याही जागी ठेवला असता तरी फरक पडला नसता. पालखी पन्हाळ्याच्या राजदिंडी दरवाजातून निसटते तिथेही तोच तरंग आणि खिंडीत बाजीप्रभू दोन्ही हातांत तलवारी घेऊन उभे राहतात तिथेही तोच.

याचं मूळ माझ्या प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला लिहून दिलेल्या सूचनांमध्ये होतं. जवळजवळ प्रत्येक प्रॉम्प्टच्या शेवटी मी 'सिनेमॅटिक' हा शब्द चिकटवला होता. माझा अनुभव असा की हा शब्द दिला की एआयचं मॉडेल ठरावीक मसाला ओतून देतं: मागचं धूसर, कडेने सोनेरी उजेड, थोडं धुकं आणि हळूहळू पुढे सरकणारा किंवा ड्रोनसारखा वर जाणारा कॅमेरा. तुम्ही गोष्ट कोणतीही सांगा, पाककृती तीच. शिवाय मशाली. रात्र म्हटली की मॉडेल मशाली पेटवतंच. आता १२ जुलै १६६०ची ती रात्र आठवा. सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा, आषाढाचा धो धो पाऊस, आणि सहाशे माणसं घेऊन महाराज चोरवाटेने निसटतायत. मशाली पेटवून कोण पळून जाईल? पोरांना त्या फार आवडल्या होत्या. काढल्या तेव्हा दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हते.

तरी मशालींची चूक निदान सांगता येते. तरंगणाऱ्या कॅमेऱ्याची चूक नुसती जाणवते. बघणाऱ्याला काय बिनसलंय ते कळत नाही, पण त्याच्या मनात 'हा गेम आहे' अशी नोंद होते. मामांचं 'कबूतर' नेमकं तिथेच बोट ठेवत होतं. खऱ्या सिनेमात कॅमेऱ्याला वजन असतं. तो कुठेतरी उभा असतो, कुणाच्या तरी खांद्यावर किंवा रुळांवर असतो. कुठे जायचं तर आधी रूळ टाकावे लागतात, त्यांच्याखाली पाचरी मारून पाणसळ लावावी लागते, सुरू कुठे व्हायचं आणि थांबायचं कुठे त्याच्या खडूने खुणा करायच्या असतात. इतका खटाटोप करून कॅमेरा हलवायचा म्हटल्यावर माणूस आधी विचारतो, हलवायचा कशाला? एआयमध्ये हलवणं फुकट आहे, म्हणून हा प्रश्न कुणी विचारत नाही. मीही विचारला नव्हता.

मग मी आणि मामांनी तालमीच्या कट्ट्यावर बसून ३४ शॉटांची यादी केली. प्रत्येकासमोर मामा एकच विचारायचे: "कॅमेरा कुठं ठेवलाय, आन् धरलाय कुणी?" उत्तर देता आलं नाही की शॉट स्थिर करायचा, नाहीतर काढायचा. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. शेवटी २९ शॉट उरले. त्यांतल्या १८ शॉटांत कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट. हलणारे ११: पाच पालखीच्या मागून किंवा बाजूने चालणारे, तीन हळूहळू जवळ जाणारे, दोन हातात धरलेले आणि एक क्रेनचा. क्रेनबद्दल पुढे सांगतो.

ऐकायला विचित्र वाटेल, पण टूलकडून स्थिर शॉट काढणं हलत्या शॉटापेक्षा जड गेलं. 'कॅमेरा हलवू नको' असं लिहिलं की तो हमखास हलायचा. बहुधा नकारापेक्षा 'कॅमेरा' आणि 'हलव' हे दोन शब्दच त्याला जास्त ऐकू येत असावेत. 'ट्रायपॉडवर लॉक केलेला, स्थिर' असं होकारार्थी लिहिलं, आणि फ्रेममध्ये हलायला दुसरं काहीतरी दिलं, तेव्हा जमलं. पाऊस, झाडाची फांदी, भिजून अंगाला चिकटलेला पागोट्याचा शेमला. फ्रेममध्ये काहीच हलत नसलं की मॉडेलला चैन पडत नाही, मग ते कॅमेराच सरकवतं.

पालखीचा शॉट सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेला, आणि सगळ्यात जास्त शिकवलंही त्यानेच.

आधी दिशेचा घोटाळा. पन्हाळ्याहून विशाळगड पश्चिमेला. नकाशा डोक्यात असलेल्या कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढे ती वाट उजवीकडून डावीकडे जाते. माझ्या पहिल्या कटमध्ये पालखी एका शॉटात डावीकडे धावायची, पुढच्यात उजवीकडे; जणू अर्ध्या वाटेवरून माघारी फिरली. सिनेमाचा जुना नियम आहे: चालणाऱ्याची दिशा ठरली की कॅमेऱ्याने त्या रेषेच्या एकाच बाजूला राहायचं. माझं टूल प्रत्येक क्लिप स्वतंत्र बनवायचं, मागच्या शॉटात रेषा कुठे होती ते त्याला ठाऊक नसायचं. ते लक्षात ठेवायचं काम आपलं. मी ठरवलं की महाराजांची पालखी कायम उजवीकडून डावीकडे. आणि मग एकदम सुचलं, महाराजांचं सोंग घेतलेल्या शिवा काशिदांची पालखी उलटी, डावीकडून उजवीकडे. प्रेक्षकाला दोन पालख्या आहेत हे सांगायला ना पाटी लागली ना निवेदन. त्या पालखीला वेढ्यातले घोडेस्वार गाठतात तो शॉट स्थिर ठेवला. पालखी फ्रेमच्या मध्यावर येते आणि थांबते. बस्स.

मग चालण्याचा प्रश्न. मला कॅमेरा पालखीच्या मागे, भोयांच्या खांद्यांच्या उंचीवर, चिखलातून धावत हवा होता. टूलने दिलेली चाल कशी होती? भोई पळतायत, चिखल उडतोय आणि कॅमेरा मात्र बर्फावरून घसरल्यासारखा जातोय. 'हातात धरलेला कॅमेरा' असं लिहिल्यावर तो थरथरायला लागला, पण ती थरथर पावलांची नव्हती. ताप भरल्यावर अंग कापतं तशी होती. माणूस धावताना कॅमेरा वरखाली होतो त्याला एक लय असते: पाऊल टेकलं की दणका, मग किंचित तरंग, मग दुसरं पाऊल. १९७०च्या दशकात गॅरेट ब्राउनने स्टेडिकॅम, म्हणजे कॅमेरामनच्या अंगाला बांधायचं कॅमेरा सावरणारं उपकरण आणलं; त्याने दणका काढून टाकला, पण अंगाचा झोक तसाच ठेवला. म्हणून स्टेडिकॅमचा शॉट गुळगुळीत असूनही त्यामागे कुणीतरी चालतंय हे कळतं. एआयच्या थरथरीत ना दणका होता ना झोक.

शेवटी अस्सल थरथर उसनी आणली. एका रात्री पाऊस पडून गेल्यावर तालमीच्या अंगणात चार पैलवानांनी खाट उचलली, खाटेवर एका बारक्या पोराला बसवलं आणि पळाले. मी त्यांच्या मागे मोबाइल घेऊन. पहिल्या वेळी मोबाइलचं स्टॅबिलायझेशन चालूच राहिलं, सगळे दणके त्याने पुसून टाकले. चार पैलवानांना खाट घेऊन पुन्हा पळावं लागलं. त्यांनी मला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या वेळी ते बंद केलं आणि सेकंदाला २४ फ्रेमवर चित्रण घेतलं. समोरच्या भिंतीवर एक बल्ब होता. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो बल्ब ट्रॅक केला, म्हणजे प्रत्येक फ्रेमला तो किती वर-खाली आणि डावी-उजवीकडे गेला त्याचा आलेख काढला. तोच आलेख एआयच्या गुळगुळीत क्लिपवर चढवला. क्लिप आधी बारा टक्के मोठी करून घेतली, नाहीतर हादऱ्यांत कडेचा काळा भाग दिसला असता. प्ले केलं आणि पोटात धस्स झालं. चित्र तेच, पण आता कुणीतरी खरंच पालखीमागे धावत होतं.

गंमत म्हणजे त्या आलेखात एका जागी मोठा झोका होता, तिथे माझा पाय घसरला होता. तो तसाच ठेवला. नेमका त्याच क्षणी पडद्यावरचा एक मावळा चिखलात अडखळल्यासारखा वाटतो. तो अडखळत नाही, कॅमेरा अडखळतो.

आता जवळ जाणारे शॉट. इथे बहुतेक जण फसतात, कारण कॅमेरा पुढे जाणं आणि झूम करणं यांतला फरक मोबाइलच्या पडद्यावर लक्षात येत नाही. झूममध्ये चित्र नुसतं मोठं होतं. माणूस आणि मागचा डोंगर सारख्याच प्रमाणात फुगतात. ट्रॉली पुढे गेली की जवळच्या वस्तू भराभर मोठ्या होतात आणि कडेने निघून जातात, मधल्या हळू वाढतात, दूरचा डोंगर जवळजवळ आहे तसाच राहतो. आगगाडीच्या खिडकीतून खांब पळताना आणि डोंगर सोबत चालताना दिसतात तोच हा प्रकार. 'आपण आत शिरतोय' ही जाणीव या फरकातून येते. एआयला 'हळू पुढे जा' सांगितलं की पुष्कळदा ते सोपी वाट धरतं आणि झूम देतं.

यावर मला लागू पडलेला साधा उपाय: पहिल्या फ्रेममध्ये जवळचं काहीतरी ठेवा. मी नुसत्या मजकुरावरून व्हिडिओ काढत नाही. आधी स्थिर चित्र बनवतो, तपासतो, दुरुस्त करतो आणि मग त्याला हालचाल देतो. त्या चित्रातच कॅमेऱ्याच्या नाकासमोर ओली कारवी, दगडाची कड, अर्धवट दिसणारा खांदा असं काही घातलं, की पुढे सरकताना मॉडेलला ते कडेने बाहेर काढावंच लागतं. खोली आपोआप येते. पहिल्या कटमधल्या फ्रेमा सगळ्या मोकळ्या, पोस्टरसारख्या होत्या. कॅमेरा कितीही फिरला तरी त्या सपाटच राहिल्या असत्या.

बाजीप्रभूंचा शॉट याहून अवघड. रक्तबंबाळ बाजी खिंडीत उभे, कान विशाळगडाकडे, तोफांचे आवाज यायची वाट बघतायत. सहा सेकंदांत छातीपासून चेहऱ्यापर्यंत जायचं होतं. प्रत्येक वेळी अर्ध्या वाटेत चेहरा बदलायचा. एकदा तर बाजी तिथे पोहोचेपर्यंत वीस वर्षांनी तरुण झाले. कारण उघड आहे: जवळ जाताना मॉडेलला नसलेले बारकावे नव्याने रचावे लागतात, आणि ते दरवेळी वेगळे रचतं. यासाठी शेवटची फ्रेमही आपणच द्यायची, म्हणजे मधली वाट फक्त त्याने भरायची. मी मूळ चित्रातला चेहऱ्याचा भाग कापून मोठा केला आणि शेवटची फ्रेम म्हणून दिला. चेहरा टिकला, पण झाली पुन्हा झूम! साहजिकच, कापून मोठं केलेलं चित्र म्हणजे झूमच की.

मग फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये बाजींची आकृती आणि मागचा कडा वेगळे केले. शेवटच्या फ्रेमसाठी आकृती तीस टक्के मोठी केली, कडा फक्त बारा टक्के. पहिल्या फ्रेममध्ये कडेला पाणी गळणारी फांदी ठेवली, शेवटच्या फ्रेममधून ती काढून टाकली. आता मॉडेलपुढे दुसरा पर्याय नव्हता: फांदी बाहेर गेली पाहिजे, माणूस जवळ आला पाहिजे, कडा मागेच राहिला पाहिजे. चौदाव्या खेपेला शॉट आला. मामांनी बघितला आणि म्हणाले, "हां. ही ट्रॉली." एवढीच दाद, पण मला महिनाभर पुरली.

तरी एक दुरुस्ती त्यांनी सांगितलीच. "ट्रॉली अशी एकदम पळत सुटत नाही रं. आधी दम धरती, मग निघती. थांबताना बी तसंच." मला मिळणारी एआयची क्लिप पहिल्या फ्रेमपासून पूर्ण वेगात असायची आणि शेवटच्या फ्रेमला तशीच तुटायची. मी सहा सेकंदांऐवजी दहा सेकंदांची क्लिप काढली आणि एडिटमध्ये सुरुवातीचा व शेवटचा वेग आलेखाने वळवला. सुरुवातीला बाजी जवळजवळ सेकंदभर जागेवरच दिसतात, आणि मग हालचाल चालू झाली हे कळायच्या आत आपण सरकलेले असतो. शॉटांच्या जोडणीतही याचा उपयोग झाला. हलता शॉट थांबल्यावर स्थिर शॉट जोडला तर झटका बसत नाही. मध्येच तोडून जोडला तर बसतो. खिंडीतल्या हातघाईत मला झटकाच हवा होता, म्हणून तिथे हातातले दोन्ही शॉट मध्येच तोडलेत.

हातघाईविषयी फार सांगण्यासारखं नाही. माझ्या टूलला लढाई जमली नाही. हात वाढायचे, तलवारी एकमेकींत विरघळायच्या. विजेच्या लखलखाटात काळ्या आकृत्या, कॅमेरा जमिनीलगत स्थिर, पुढे दगड आणि मागे पाऊस, एवढ्यावर भागवलं. मॉडेलकडून कॅमेरा सर्वांत धोकादायक वाटेने न्यायचा असेल तर एखाद्या गोष्टीभोवती प्रदक्षिणा घालायला सांगावं. न दिसलेली प्रत्येक बाजू त्याला हवेतून काढावी लागते आणि फिरून येईपर्यंत वस्तू वितळलेली असते. माझ्या पहिल्या कटमध्ये अशा सात प्रदक्षिणा होत्या. एकीत पालखीला पाच भोयांचे मिळून नऊ पाय होते. शिट्ट्यांच्या गोंधळात कुणाच्या लक्षात आलं नाही.

एक फजिती इथे नोंदवतो, कुणाचा तरी दिवस वाचेल. कॅमेरा मागे येणारा शॉट हवा असेल तर पुढे जाणारा काढून उलटा चालवायचा, ही युक्ती पुष्कळ जण सांगतात आणि ती चालतेही, कारण पुढे जाताना मॉडेल कमी चुकतं. मी राजदिंडीच्या दरवाजापासून मागे येणारा शॉट तसा केला. रात्री दोन वाजता अध्यक्षांना पाठवला. सकाळी त्यांचा फोन: "दादा, पाऊस वर चाललाय." खरंच वर चालला होता. अख्खा आषाढ जमिनीतून निघून आभाळात जात होता आणि मी तो शॉट वीस वेळा बघून 'मस्त' म्हटलं होतं. तो पुन्हा नीट काढला. उलटा चालवायची युक्ती पाऊस, धूर, चालणारी माणसं नसतील तिथेच वापरावी.

एलईडी वॉलची चाचणी गणपतीच्या तीन दिवस आधी झाली आणि आणखी दोन गोष्टी उघड्या पडल्या. पहिली वेगाची. लॅपटॉपवर संथ वाटणारी बाजूची चाल बारा फुटांवर ठेचकाळत होती. गणित करून बघा: एखादी वस्तू तीन सेकंदांत पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला गेली, तर २४ फ्रेमच्या हिशेबाने ७२ उड्या, म्हणजे दर उडी दोन इंचांची. डोळ्याला ती तुटक दिसणारच. कॅमेरामन लोकांत जुना ठोकताळा आहे की एवढं अंतर कापायला किमान सात सेकंद द्यावेत; मग तीच उडी इंचाच्या आत येते. पालखीच्या मागून धावणाऱ्या शॉटांना याची बाधा नव्हती, कारण तिथे पालखी फ्रेममध्ये जागेवर असते. बाजूने चालणारे दोन शॉट मात्र नव्याने काढावे लागले, संथ चालीचे. शिवाय हालचालीत येणारी धूसरता त्या क्लिपांत जवळजवळ नव्हतीच. खरा कॅमेरा २४ फ्रेमवर साधारण सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग शटर उघडं ठेवतो, तेवढ्यात हललेली वस्तू पुसट उमटते आणि त्या पुसटपणामुळेच उड्या जोडल्या जातात. ती धूसरता एडिटमध्ये चालीच्या दिशेने थोडी घातली.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची नाही, पण तिने सगळ्यावर पाणी फिरवलं असतं. वॉल चालवणाऱ्या पोराच्या पेटीत चित्र गुळगुळीत करणारी सेटिंग चालू होती. मधल्या फ्रेमा स्वतःच तयार करून ती २४चे ६० करत होती. खाटेमागे पळून मिळवलेला सगळा दणका गायब, पालखी पुन्हा बर्फावर. तो म्हणाला, "असंच भारी दिसतंय की." त्याच्याशी वाद घालण्यात अर्धा तास गेला. शेवटी दोन्ही चालवून दाखवलं आणि मंडपात झाडू मारणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, पहिलं टीव्हीवर असतं तसलं, दुसरं पिच्चरसारखं. सेटिंग बंद झाली.

राहिला क्रेनचा शॉट. तोफा वाजल्या, बाजी कोसळले, आणि कॅमेरा खिंडीतून सावकाश वर वर जातो. ओढा, दगड, धुक्यातली दरी. मामांनी यादी करताना यावर बोट ठेवलं होतं आणि मी हटून बसलो होतो. साडेतीन मिनिटं कॅमेरा जमिनीला धरून राहिलाय, एवढं एकदा त्याला वर जाऊ द्या, असं माझं म्हणणं. त्यांनी मान हलवली होती.

विसर्जनाच्या आदल्या रात्री गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघं मंडपासमोर उभे राहून शेवटचा खेळ बघत होतो. तो शॉट आला तसं त्यांनी विचारलं, "क्रेन कुठं लावलीस?"

"ओढ्यात," मी म्हणालो.

"ओढ्यात? आषाढात?" ते जरा थांबले. "मग चाकाखाली फळ्या टाकल्या असतील. फळी पाण्यात दबती. सुरवातीला एकदा बारीक हलली असती बघ, मग वर गेली असती."

मी पडद्याकडे बघत राहिलो. बरोबर होतं. शॉट सुरू होतानाच उचलला जात होता, फळी दबतच नव्हती. दोन फ्रेमचं काम होतं ते, फार तर तीन. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वॉल उतरवायची होती.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "लोकांनी बघितलं की."

दहाही दिवस तो शॉट तसाच चालला.